पाच कोटींच्या आसपासच्या कारखान्याला ई-इनव्हॉइस: कधीपासून लागतं, कसं काढायचं आणि कुठे अडतं

प्रश्न थोडक्यात असा आहे. नाशिकच्या अंबड एमआयडीसीत शीटमेटलचं काम करणारा छोटा कारखाना आहे. २०२४-२५ ची उलाढाल ४ कोटी ६० लाख होती, २०२५-२६ ची ५ कोटी ३० लाखांवर गेली. सीए म्हणतात ई-इनव्हॉइस, म्हणजे सरकारी पोर्टलवर नोंदवून आयआरएन (नोंदीची खूण) आणि क्यूआर कोड घेतलेलं बिल, लागू झालं. शेजारच्या गाळेवाल्याचं म्हणणं, पोर्टलवर आपलं नाव 'एनेबल' दिसत नाही तोवर काही करायचं कारण नाही. खरं कोणाचं, आणि करायचं झालं तर नेमकं काय करायचं?

सीएंचं खरं आहे, पण आधी एक खात्री करून घ्या. हे ५ कोटी ३० लाख जीएसटी धरून आहेत की सोडून? कायद्यातली उलाढाल कर सोडून मोजतात. हा आकडा १८ टक्के कर धरून असेल तर मूळ उलाढाल सुमारे ४ कोटी ४९ लाखच भरते, म्हणजे मर्यादेच्या आत. बँकेत जमा झालेल्या रकमेवरून किंवा पार्ट्यांच्या खात्यांवरून उलाढाल सांगणाऱ्यांची इथेच गफलत होते. विक्रीच्या लेजरची बेरीज घ्या आणि ती जीएसटीआर-३बीशी (कर भरण्याच्या रिटर्नशी) ताडून पाहा.

आकडा कर सोडून असेल, तर नियम सरळ आहे. १ ऑगस्ट २०२३ पासून मर्यादा ५ कोटींची आहे. २०१७-१८ पासूनच्या कोणत्याही एका मागच्या आर्थिक वर्षात ती ओलांडली असेल तर ई-इनव्हॉइस लागतं. २०२५-२६ मध्ये पहिल्यांदा ओलांडली असेल तर १ एप्रिल २०२६ पासूनच्या बिलांना. वर्षाच्या मधल्या महिन्यात पाच कोटी पार झाले म्हणून त्याच दिवशी सुरू करावं लागत नाही. पण एकदा लागू झालं की पुढच्या वर्षी धंदा तीन कोटींवर आला तरी सुटका नाही. कित्येक जण फक्त गेलं वर्ष बघतात आणि २०१८-१९ चं एखादं चांगलं गेलेलं वर्ष विसरतात.

पोर्टलवर 'एनेबल' असणं ही सोय आहे, कायद्याची अट नव्हे. तिथली यादी भरलेल्या रिटर्नवरून तयार होते. त्यात नाव आलं म्हणून जबाबदारी येत नाही आणि नाही आलं म्हणून टळत नाही. नाव नसेल तर ई-इनव्हॉइस पोर्टलवर रजिस्ट्रेशनच्या मेन्यूत 'ई-इनव्हॉइस एनेबलमेंट' आहे, तिथून स्वतः चालू करून घ्यायचं.

उलाढालीत काय काय धरतात, हा भाग नाशिकमध्ये फार महत्त्वाचा आहे, कारण इथले बरेच धंदे करमुक्त किंवा जीएसटीबाहेरच्या मालाशी जोडलेले. मोजणी पॅनवर होते. अंबडचा कारखाना, सिन्नर-मुसळगावचं गोदाम आणि सुरतची शाखा एकाच पॅनवर असतील तर सगळ्यांची बेरीज. करमुक्त विक्रीही त्यात येते. निर्यातही येते. आणि जीएसटीच्या कक्षेत नसलेला मालसुद्धा येतो, कारण कायद्याच्या व्याख्येत करमुक्त पुरवठ्यात तोही धरलेला आहे. मुंबई-आग्रा हायवेवरचा पेट्रोल पंप घ्या. डिझेल-पेट्रोलवर अजून व्हॅट आहे, त्या बिलाला ई-इनव्हॉइसचा संबंध नाही. पण त्याच इंधनाच्या विक्रीमुळे पंपाची उलाढाल पाच कोटींच्या वर जाते. मग तो एखाद्या ट्रान्सपोर्ट कंपनीला तिच्या जीएसटी नंबरवर ऑइलचा एक डबा विकतो, त्या बिलाला मात्र आयआरएन लागतो. दिंडोरीकडच्या वायनरीचंही तेच. वाइनचं बिल व्हॅटमध्ये, पण मुक्कामाचं किंवा कार्यक्रमाचं बिल कंपनीच्या नावाने दिलं की ते ई-इनव्हॉइस. लासलगाव-पिंपळगावचा कांदा व्यापारी ताज्या कांद्यावर कर लावत नाही, त्याला त्या बिलाचं आयआरएन नको. पण नोंदणी असेल आणि गोदाम दुसऱ्या कंपनीला भाड्याने दिलं असेल, तर भाड्याचं बिल ई-इनव्हॉइसच काढायला हवं.

तुमच्या कारखान्यात जॉबवर्क होत असेल तर पार्टीने पाठवलेल्या पत्र्याची किंमत तुमच्या उलाढालीत येत नाही, फक्त मजुरी येते. वडिलांची प्रोप्रायटरी आणि मुलाची वेगळी फर्म असेल तर पॅन वेगळे, हिशेब वेगळा. उलाढाल विभागण्यासाठी नव्या फर्मा काढायचे सल्ले बाजारात फिरतात. एकाच शेडमधून, एकाच मीटरवर, त्याच कामगारांकडून दोन फर्मांची बिलं निघताना दिसली की अधिकाऱ्याला फार शोधावं लागत नाही.

आता कोणत्या कागदाला लागतं ते. जीएसटी नंबर असलेल्या गिऱ्हाइकाचं बिल, निर्यातीचं बिल, सेझला (विशेष आर्थिक क्षेत्राला) दिलेलं बिल, आणि या सगळ्यांवरच्या क्रेडिट व डेबिट नोटा. डिलिव्हरी चलन, अॅडव्हान्सची पावती, बिल ऑफ सप्लाय (करमुक्त मालाचं बिल) आणि नोंदणी नसलेल्या गिऱ्हाइकाचं बिल यांना लागत नाही. येवल्याच्या पैठणीवाल्याने घरगुती गिऱ्हाइकाला साडी विकली तर नाही, पुण्याच्या दुकानाला दहा साड्या दिल्या तर हो. दुकानाच्या काउंटरवर चिकटवलेला यूपीआयचा क्यूआर आणि ई-इनव्हॉइसवरचा क्यूआर यांचा काही संबंध नाही. घरगुती गिऱ्हाइकाच्या बिलावर क्यूआर छापायचा वेगळा नियम ५०० कोटींच्या वरच्या कंपन्यांसाठी आहे.

हमखास सुटणारी बिलं तीन प्रकारची: भंगाराची, जुनं मशीन विकल्याची, आणि शेडचा कोपरा दुसऱ्याला भाड्याने दिल्याची. रोजच्या मालाच्या बिलांना सॉफ्टवेअरमध्ये आयआरएन निघतो, पण भंगारवाल्याचं बिल जुन्या पुस्तकातून फाडून दिलेलं असतं. शीटमेटलच्या धंद्यात भंगाराची रक्कम थोडी नसते, आणि भंगारवाला नोंदणीकृत असेल तर ते बिल पूर्णपणे या नियमात येतं.

सरकारी गिऱ्हाइकांबद्दलही गैरसमज आहे. जिल्हा परिषद, महापालिका किंवा एखादं सरकारी खातं नुसतं टीडीएस कापण्यासाठी नोंदलेलं असेल तर त्याला 'अनरजिस्टर्ड' धरायचं, असं बरेच ठेकेदार मानत. १७ जुलै २०२३ च्या परिपत्रकाने तो वाद मिटवला: अशा खात्यांनाही ई-इनव्हॉइसच द्यायचं. त्यांच्या जीएसटी नंबरात चौदावं अक्षर डी असतं, तो नंबर मागून घ्या. सिंहस्थाच्या कामांमुळे ज्यांची उलाढाल वाढली आहे त्यांनी याकडे नीट लक्ष द्यावं.

उलट बाजूने, माल वाहतूक करणारी गुड्स ट्रान्सपोर्ट एजन्सी, बँका, एनबीएफसी, विमा कंपन्या आणि सेझमधली युनिट्स यांना उलाढाल कितीही असली तरी सूट आहे. मात्र उलाढाल मर्यादेच्या वर असूनही आपल्याला हे लागू नाही, असं जाहीर करणारी ओळ त्यांनी बिलावर छापायची असते. द्वारका-आडगावच्या ट्रान्सपोर्टवाल्यांच्या बिलांवर ती क्वचितच दिसते, आणि मग पार्टीचा अकाउंटंट बिल अडवून ठेवतो.

तयारी एका दिवसात होते, बिल पुस्तकाची सवय मोडायला वेळ लागतो. ई-वे बिलाचं (माल वाहतुकीच्या ऑनलाइन कागदाचं) लॉगिन असेल तर तेच युजरनेम आणि पासवर्ड एनआयसीच्या, म्हणजे सरकारी संगणक संस्थेच्या, ई-इनव्हॉइस पोर्टलवर चालतं. नसेल तर जीएसटी नंबर टाकून ओटीपीने नोंदणी. ओटीपी जीएसटी नोंदणीतल्या मोबाइलवर येतो, आणि तो मोबाइल पुष्कळदा जुन्या सीएंच्या ऑफिसमधल्या, आता नोकरी सोडून गेलेल्या मुलाचा असतो. म्हणून पहिलं काम हे: जीएसटी पोर्टलवर नॉन-कोअर (किरकोळ) दुरुस्ती करून मोबाइल आणि ईमेल स्वतःचा टाका. १ एप्रिल २०२५ पासून लॉगिनला दुसरा ओटीपी सगळ्यांनाच सक्तीचा आहे. तो एसएमएसने, संदेस अॅपवर किंवा एनआयसी-जीएसटी-शील्ड अॅपवर मिळतो. डिस्पॅचच्या मुलाला मुख्य लॉगिन देऊ नका. त्याच्या मोबाइल नंबरावर सब-युजर तयार करा, म्हणजे मालक मुंबईला गेला तरी ओटीपीसाठी गाडी थांबत नाही.

महिन्याला दहा-पंधरा बिलं असतील तर एनआयसीचं एक्सेलवर चालणारं मोफत साधन पुरतं: एक्सेल भरा, त्यातून जेसन फाइल (पोर्टलला वाचता येणारी) काढा, पोर्टलवर चढवा, आयआरएन आणि क्यूआर घेऊन बिल छापा. रोज चार-पाच बिलं असतील तर सॉफ्टवेअर थेट जोडणंच बरं. टॅलीसाठी पोर्टलवर 'एपीआय रजिस्ट्रेशन'मध्ये 'युजर क्रेडेन्शियल्स', त्यात 'क्रिएट एपीआय युजर', मग 'थ्रू जीएसपी' (अधिकृत मध्यस्थ कंपनीमार्फत) निवडून यादीतून टॅली घ्यायचं आणि नवं युजरनेम-पासवर्ड बनवायचा. हा पासवर्ड पोर्टलच्या लॉगिनपेक्षा वेगळा असतो. 'टॅली जोडतच नाही' या तक्रारीच्या मुळाशी बहुतेक वेळा पोर्टलचाच पासवर्ड टाकलेला असतो. नंतर टॅलीत एफ११ दाबून ई-इनव्हॉइसिंग चालू करा, लागू तारीख टाका, आणि ई-वे बिलाची माहिती सोबत पाठवायचा पर्याय 'हो' ठेवा.

बिलाच्या नंबराची मांडणी सुरुवातीलाच ठरवून टाका. जास्तीत जास्त १६ अक्षरं चालतात; त्यात इंग्रजी अक्षरं, आकडे, आडवी रेघ आणि तिरकी रेघ, एवढंच. शून्याने किंवा रेघेने सुरू होणारा नंबर पोर्टल घेत नाही, म्हणजे '००१' ही जुनी पद्धत बाद. कंपनीची तीन अक्षरं, गावाची तीन, २०२६-२७ असं अख्खं वर्ष, चार आकडी क्रमांक आणि मध्ये तीन तिरक्या रेघा, अशी हौस केली तर २० अक्षरं होतात आणि पहिलंच बिल परत येतं. १ जून २०२५ पासून पोर्टल लहान आणि मोठ्या लिपीतला फरकही करत नाही, सगळं मोठ्या लिपीत धरतं.

आयआरएन ही ६४ अक्षरांची खूण तुमचा जीएसटी नंबर, आर्थिक वर्ष, कागदाचा प्रकार आणि बिल नंबर या चार गोष्टींतून निघते. रक्कम आणि गिऱ्हाईक त्यात नाही. म्हणून एकदा वापरलेला नंबर त्या वर्षात दुसऱ्यांदा चालत नाही, बिल रद्द केलं तरीही. चुकीचं बिल रद्द करून त्याच नंबराने नवं काढायला गेलात की पोर्टल ते घेत नाही. पुढचा नंबर घ्यायचा आणि रद्द झालेला रजिस्टरमध्ये तसाच दाखवायचा.

आता एक बिल जवळून बघू. १,२५० ब्रॅकेट, दर ३७ रुपये ४० पैसे, म्हणजे ४६,७५० रुपये. टेम्पोचं भाडं १,५०० तुम्ही लावलं. पुष्कळ ठिकाणी सॉफ्टवेअरमध्ये भाड्याचं लेजर करानंतर जोडलेलं असतं. मग ४६,७५० वर १८ टक्के म्हणजे ८,४१५ कर, आणि शेवटी १,५०० 'अदर चार्जेस'मध्ये. पोर्टल हे मुकाट्याने स्वीकारतं. पण माल पोचवण्यासाठी तुम्ही आकारलेलं भाडं मालाच्या मूल्याचाच भाग आहे. करपात्र रक्कम ४८,२५०, कर ८,६८५ आणि बिल ५६,९३५ रुपयांचं व्हायला हवं. फरक २७० रुपयांचा, पण वर्षभराच्या सगळ्या बिलांवर व्याजासकट तो ऑडिटमध्ये निघतो.

पोर्टल काय तपासतं आणि काय नाही, याचा अंदाज इथे येतो. बेरीज-गुणाकार तपासतं, एक रुपयापर्यंतचा फरक चालवून घेतं. राज्यातल्या व्यवहाराला आयजीएसटी (आंतरराज्य व्यवहाराचा कर) लावला तर परत पाठवतं. एचएसएन (मालाचा वर्गीकरण क्रमांक) अस्तित्वात आहे का ते बघतं, आणि पाच कोटींच्या वर सहा आकडी एचएसएन लागतो. पण त्या एचएसएनला तुम्ही लावलेला दर बरोबर आहे का, ते बघत नाही. २२ सप्टेंबर २०२५ ला दर बदलले तेव्हा ज्यांच्या आयटम मास्टरमध्ये (सॉफ्टवेअरमधल्या मालाच्या यादीत) जुने १२ किंवा २८ टक्के राहून गेले, त्यांना आयआरएन मिळाला म्हणजे बिल बरोबर आहे असं समजून चालणार नाही.

रोज येणाऱ्या एररपैकी बहुतेक पत्त्याच्या आणि नंबराच्या असतात. ३०३९ म्हणजे पिनकोड त्या राज्याचा नाही. गिऱ्हाइकाचं हेड ऑफिस मुंबईत, कारखाना वापीत, आणि मास्टरमध्ये दोन्हींची सरमिसळ झालेली. ३०२८ म्हणजे हा जीएसटी नंबर ई-इनव्हॉइस प्रणालीत सापडत नाही. नवी नोंदणी असली की असं होतं, पोर्टलवर तो नंबर जीएसटीच्या मुख्य पोर्टलवरून सिंक करायचा पर्याय आहे. ३०२९ म्हणजे नंबर चालू स्थितीत नाही. इथे बिल 'अनरजिस्टर्ड' करून पुढे ढकलू नका. पार्टीला फोन लावा, कारण नोंदणी निलंबित झालेल्या पार्टीकडून पैसे कधी येतील, तो विचारही त्याच वेळी करायचा असतो.

बिल एकाला आणि माल दुसऱ्याकडे, हा प्रकार अंबड-सातपूरला रोजचा. पुण्याच्या कंपनीची ऑर्डर, माल मात्र तिच्या सांगण्यावरून गुजरातमधल्या प्लँटला उतरवायचा. बिल पुण्याच्या नावाने, 'शिप टू' गुजरात. गाडी राज्याबाहेर चालली म्हणून आयजीएसटी लावायचा मोह होतो. ते चूक. अशा वेळी पुरवठ्याचं ठिकाण बिल ज्याच्या नावाने त्याचं, म्हणजे महाराष्ट्र, म्हणून सीजीएसटी आणि एसजीएसटी. ई-वे बिलाला मात्र गाडीचा प्रवास बघतात. महाराष्ट्रातल्या महाराष्ट्रात मर्यादा १ लाखाची, राज्याबाहेर माल गेला की ५० हजारांची. हे बिल ६० हजारांचं असलं तरी ई-वे बिल लागेल.

चुकलेलं बिल दुरुस्त होत नाही, फक्त रद्द होतं, आणि तेही २४ तासांत, पूर्णच. ई-वे बिल चालू असेल तर आधी ते रद्द करावं लागतं, आणि वाटेत एखाद्या अधिकाऱ्याने ते तपासलं असेल तर तोही रस्ता बंद. साप्ताहिक सुट्टीच्या आदल्या संध्याकाळी घाईत काढलेली बिलं म्हणूनच नडतात. चूक सुट्टीनंतर लक्षात येते, तोवर मुदत संपलेली असते. मग क्रेडिट नोट काढा, तिलाही आयआरएन घ्या, आणि नव्या नंबराने नवं बिल द्या. जीएसटीआर-१ मध्ये (विक्रीच्या रिटर्नमध्ये) नुसती दुरुस्ती करता येते हे खरं, पण पार्टीच्या हातात जुन्या क्यूआरचं बिल तसंच राहतं आणि तिचा अकाउंटंट दोन्ही जुळत नाहीत म्हणून पेमेंट थांबवतो. जीएसटी न लावता दिलेल्या निव्वळ व्यावसायिक सवलतीच्या नोटेला आयआरएन लागत नाही.

वेळेची दुसरी मर्यादा १० कोटी आणि त्यावरच्या धंद्यांना आहे: १ एप्रिल २०२५ पासून बिलाच्या तारखेपासून ३० दिवसांत पोर्टलवर नोंद झाली नाही तर पोर्टल ते बिल घेतच नाही. तुम्ही पाच ते दहाच्या मधले, तुम्हाला ही खिडकी लागू नाही. पण याचा अर्थ महिनाअखेरीला एकदम सगळी बिलं चढवायची असा घेऊ नका. मालाचं बिल माल गेटबाहेर पडण्याआधी व्हायला हवं हे कलम ३१ सांगतं, आणि ज्या बिलाला आयआरएन लागतो पण घेतलेला नाही ते बिलच धरू नये असं नियम ४८ चा पोटनियम ५ सांगतो. दोन्ही एकत्र वाचले की गाडी बिलाशिवाय निघाली असा अर्थ होतो.

गाडी अडली तर कलम १२९ खाली कराच्या दुप्पट दंड आहे. ४ लाखांच्या मालावर १८ टक्के म्हणजे ७२ हजार कर, तर १ लाख ४४ हजार भरून माल सोडवायचा. गाडी न अडताही कलम १२२ खाली प्रकरण निघू शकतं, तिथे दंड १० हजार किंवा कराची रक्कम, जे जास्त असेल ते. प्रत्यक्षात मात्र छोट्या कारखान्याला सगळ्यात आधी फटका गिऱ्हाइकाकडून बसतो. मोठ्या कंपन्यांच्या गेटवर क्यूआर स्कॅन झाल्याशिवाय माल आत घेत नाहीत, आणि घेतला तरी खरेदीवरच्या कराचं क्रेडिट मिळणार नाही म्हणून कराची रक्कम अडवून ठेवतात.

क्यूआरच्या छपाईकडे यासाठीच लक्ष द्या. त्यात सहीसकट बरीच माहिती भरलेली असल्याने तो दाट असतो. डॉट मॅट्रिक्सवर किंवा अर्ध्या इंचात छापला की स्कॅन होत नाही. लेझरवर दोन इंचांचा छापा. आयआरएन वेगळा छापणं सक्तीचं नाही, क्यूआर सक्तीचा आहे. तीन प्रतींचा नियम ई-इनव्हॉइसला नाही, आणि ड्रायव्हरकडे छापील बिल नसेल तर मोबाइलवरचा क्यूआर दाखवलेलाही चालतो. तरी इगतपुरीच्या घाटात रात्री मोबाइलच्या भरवशावर ड्रायव्हरला पाठवू नये. एक कागद सोबत द्या.

इंटरनेट किंवा पोर्टल बंद पडलं तर? कायद्यात त्यासाठी वेगळी सवलत नाही. एनआयसीची दोन पोर्टलं आहेत आणि खासगी कंपन्यांचीही अधिकृत पोर्टलं आहेत, त्यातल्या एकावर आधीच नोंदणी करून ठेवा.

महिन्याच्या शेवटी या बिलांची नोंद जीएसटीआर-१ मध्ये आपोआप येते, साधारण दोन-तीन दिवसांच्या अंतराने. ११ तारखेला रिटर्न भरण्याआधी टॅलीतल्या नोंदणीकृत विक्रीची बेरीज आणि तिथली बेरीज जुळवा. टॅलीतून काढलेली जेसन फाइल वरून पुन्हा चढवली तर आपोआप आलेल्या नोंदी पुसून त्या जागी तुमच्या बसतात आणि आयआरएनचा रकाना रिकामा होतो. गरज नसेल तर चढवू नका. नोंदणी नसलेल्या गिऱ्हाइकांची विक्री आणि एचएसएनचा तक्ता मात्र स्वतः भरा. आयआरएन घेतल्यावर टॅलीत बिल उघडून दर बदलायची सवयही बंद करा, पोर्टलवर जुनाच आकडा राहतो.

पोर्टलवरून जुनी बिलं सहा महिन्यांपर्यंतच उतरवता येतात. हिशेब मात्र वार्षिक रिटर्नच्या शेवटच्या तारखेपासून ७२ महिने जपायचा असतो. दर महिन्याला सही असलेल्या जेसन फाइल्स उतरवून दोन ठिकाणी ठेवा.

शेवटचं, खरेदीच्या बाजूचं. तुमचा पत्र्याचा व्यापारी पाच कोटींच्या वरचा असेल आणि त्याचं बिल क्यूआरशिवाय आलं, तर क्रेडिट तुमचं धोक्यात येतं. त्याचा जीएसटी नंबर ई-इनव्हॉइस पोर्टलवर टाकून तो यादीत आहे का ते बघा, एनआयसीच्या अॅपने क्यूआर स्कॅन करा, आणि जीएसटीआर-२बी मध्ये (खरेदीवरच्या क्रेडिटच्या यादीत) त्या बिलासमोर आयआरएन दिसतो का ते पाहून मगच पेमेंट सोडा.